धाकटी कस्तुरा

बाळांनो, क्षणभर समजा की तुम्ही तुमच्या घराच्या ओट्यावर बसला आहात. घर शेतातल्या वस्तीवर. नळदुर्गहून सोलापूरला जाणारी सडक तिथून दिसते. निजामाचं राज्य आहे, तिकडं महायुद्ध चाललं आहे. सोलापूरला जायचं तर सरहद्दीवर करोडगिरीचा नाका लागतो. तिथं गाड्या थांबवून मालावर जकात घेतात. तुमचे वडील मिरच्यांची गाडी घेऊन त्याच वाटेनं गेले आहेत. काल यायला हवे होते, आले नाहीत. आणि आता एक अनोळखी माणूस अंगणात उभा राहून त्यांचं नाव घेतो आहे.

जगदेवी तशीच ओट्यावर बसली होती.

माणूस दिसायला बरा होता. धोतर स्वच्छ, बोलणं नरम. पाणी पिऊन त्यानं सांगितलं की, जगदेवीच्या अप्पांची, सिद्रामप्पांची, गाडी नाक्यावर अडकली आहे. धान्य सरहद्दीपार न्यायला बंदी, आणि मिरच्यांखाली ज्वारीची पोती सापडली म्हणून त्यांना कोठडीत बसवलंय. संध्याकाळी पुढं तुरुंगात पाठवतील, मग सुटका अवघड. आत्ताच थोडं सोनं कुणाच्या हातावर ठेवलं तर काम होईल. खूण म्हणून त्यानं बैलांचं वर्णनही सांगितलं. एक काळा, दुसऱ्याचं डावं शिंग मोडलेलं. दोन्ही खरं होतं.

अव्वाचा, म्हणजे जगदेवीच्या आईचा, चेहरा उतरला. लग्नातल्या दोन पाटल्यांशिवाय घरात सोनं नव्हतं. ती आत गेली. पेटीचं झाकण करकरलं.

माणूस जगदेवीकडं बघून हसला.

"तूच कस्तुरा न्हवं? अप्पा लई आठवण काढत व्हते तुझी."

कस्तुरा हे नाव जगदेवीला कुणीच ठेवलेलं नव्हतं, तिचं तिनंच घेतलं होतं. जगदेवी म्हणजे म्हातारीचं नाव, असं तिला वाटायचं. म्हणून सकाळी विहिरीवर सुया-मणी विकणाऱ्या बाईनं नाव विचारलं, तेव्हा तिनं ऐटीत कस्तुरा सांगितलं होतं. बाई मोठी गोड होती. अप्पा कुठं गेले, कधी गेले, बैल कसे आहेत, सगळं विचारत होती. जगदेवीनं सगळं सांगितलं होतं.

अप्पांना मात्र हे नाव माहीतच नव्हतं. ते तिला जगू म्हणायचे.

मग या माणसाला ते कुणी सांगितलं?

जगदेवीला ओरडावंसं वाटलं. पण अव्वानं विश्वास ठेवला नाही तर? माणसानं बोलणं फिरवलं असतं, पोरगी घाबरलीय म्हणाला असता. तेवढ्यात अव्वा फडक्यात गुंडाळलेल्या पाटल्या घेऊन दारात आली. माणसानं हात पुढं केला.

जगदेवी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"काका, म्या कस्तुरा न्हाय. कस्तुरा माझी धाकटी बहीण. तिचं काय म्हणले अप्पा?"

"हां, धाकटीच की!" माणूस लगेच म्हणाला. "तिच्यासाठीच तर जीव तुटतोय त्यांचा. ताप उतरला का म्हणून इचारलं."

अव्वाचा हात जागीच थांबला. तिला जगदेवीशिवाय दुसरं मूल नव्हतं.

तिनं लेकीकडं पाहिलं, मग माणसाकडं. फडकं मुठीत घट्ट धरून ती शांतपणे म्हणाली, "दादा, एवढ्यानं भागायचं न्हाय. माझी बोरमाळ शेजारी ठेवायला दिलीया. तुमी बसा, पोरगी घेऊन येती."

माणसानं सडकेकडं नजर टाकली, फडक्याकडं पाहिलं, आणि बोरमाळेच्या आशेनं पुन्हा खाली बसला.

"जगू, खाजाभाईंच्याकडं जा," अव्वा म्हणाली. "येताना कस्तुराला बी आण."

बोरमाळ कुठंच नव्हती. जगदेवी ओट्यावरून उतरली आणि निवडुंगाच्या कुंपणापर्यंत मुद्दाम हळू चालली, कारण पाठीवर त्याची नजर होती. कुंपणाच्या आड गेल्यावर मात्र ती जीव खाऊन पळाली. काटे लागले, ढेकळांत पाय मुरगळला.

खाजाभाई पिंजारी आणि त्यांचे दोन भाऊ छपरात कापूस पिंजत होते. पिंजायच्या धनुष्याच्या, धनुकलीच्या, घणघणाटात कुणालाच तिची हाक ऐकू गेली नाही. दुसरी हाक वाया गेली, तिसरीही.

मग जगदेवी उडत्या कापसात शिरली आणि खाजाभाईंच्या धनुकलीच्या थरथरणाऱ्या दोरीवर, तातेवर, तिनं दोन्ही तळहात दाबून धरले. तिघांचेही हात थांबले, तशी ती म्हणाली, "घरात चोर बसलाय, अव्वा एकटीच हाय!"