अडतिसाव्या भागानंतर

मी एक जुनी डिश आहे. जेवायची नव्हे, टीव्हीची. थंडगार रशियन बेटावरच्या कोर्साकोव बंदरात, एका पाचमजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कोपऱ्यात मी आता उताणी पडून असते. माझी केबल केव्हाच काढून टाकली. कडेला गंज चढला आहे. थंडी सुरू व्हायच्या आधी या घरच्या माल्सुनबाई माझ्यात मुळ्याच्या फोडी वाळत घालतात, आणि पुढे सगळा हिवाळा माझ्यात बर्फ साठतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण मित्रांनो, एके काळी समुद्रापलीकडची माणसं या घरात माझ्यातून येत होती. त्या दिवसांबद्दल मला थोडं सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. सपाट पत्रा यंत्राखाली गेला आणि एका दाबात त्याची मोठी वाटी झाली. मग पांढरा रंग चढला. युझ्नो शहरातल्या दुकानात वर्षभर धूळ खाल्ल्यावर मला गेनानं विकत घेतलं. गेना म्हणजे माल्सुनबाईंचा मुलगा. तो बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्यानं मला गॅलरीच्या कठड्याला बोल्टांनी आवळलं आणि तोंड नैर्ऋत्येला वळवलं. आतून माल्सुनबाई ओरडून सांगत होत्या.

"आलं. गेलं. आलं होतं रे, कशाला हलवलंस?"

"आई, मी हात पण लावलेला नाही."

"मग नको लावूस. आलं बघ."

पहिल्यांदा आल्या त्या कोरियातल्या सोलच्या हवामानाच्या बातम्या. माल्सुनबाई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. "आन्सानला पाऊस सांगतायत," त्या म्हणाल्या. "ताईनं वाळत घातलेलं आत घेतलं असेल ना?"

ताई म्हणजे ओक्दानबाई, त्यांची थोरली बहीण. दोघींचे आईवडील दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कोळशाच्या खाणीत कामाला म्हणून कोरियातून या बेटावर आणले गेले, आणि लढाई संपल्यावर त्यांना न्यायला कोणी आलंच नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांनी म्हाताऱ्यांना परत जायची परवानगी मिळाली, पण लढाई संपायच्या आत जन्मलेल्यांनाच. लढाई संपली तेव्हा ओक्दानबाई सात वर्षांच्या होत्या. माल्सुनबाई जन्मल्या त्यानंतर सहा महिन्यांनी. नवरा गेलेल्या, मूलबाळ नसलेल्या ओक्दानबाईंना आन्सानमध्ये घर मिळालं. माल्सुनबाईंचं नाव यादीत बसलं नाही. बाजारात लोणची विकताना त्या गिऱ्हाइकांना हसत सांगायच्या, "लहानपणापासून मला सगळीकडे उशीरच होतो."

दर रविवारी अकरा वाजता ओक्दानबाईंचा फोन यायचा. माल्सुनबाईंना जरा कमी ऐकू येतं, म्हणून त्या फोन मोठ्या आवाजावर लावून गॅलरीच्या दाराशी खिडकीत ठेवायच्या. पण बोलून बोलून बोलणार काय? हवा, गुडघे, कोबीचा भाव. पाच मिनिटांत संपायचं. मग ओक्दानबाईंनीच सुचवलं, "तू तिकडे डिश बसवून घे. दोघी एकच मालिका बघू. म्हणजे बोलायला काहीतरी राहील."

अशी मी या घरात आले. आणि मालिका होती 'मिठागराची सून'. नवरा समुद्रात नाहीसा झालेला, आणि सून सासऱ्याचं मिठागर एकटी चालवते आहे. नवरा परत येणार की नाही, यावर पन्नास भाग.

"बघितलास?" ओक्दानबाई विचारायच्या.

"बघितला. ती नणंद म्हणजे विषाची पुडी आहे नुसती."

"आपल्या काकूसारखी."

"काकू बरी होती. तिनं मिठात वाळू तरी कधी मिसळली नाही."

"मिसळली होती. तू लहान होतीस. आईनं सगळं मीठ धुऊन परत उकळलं होतं."

मालिकेवरून काकू निघायची, काकूवरून आई, आईवरून खाणीजवळची बराक, जिच्या एका खोलीत तीन कुटुंबं राहायची. माल्सुनबाईंना आठवत नसलेली सगळी वर्षं ओक्दानबाईंकडे होती. पाच मिनिटांचा फोन दीड तासावर गेला. ती मला माझी कमाई वाटायची.

पण एक अडचण पहिल्यापासून होती. परदेशातल्या लोकांसाठी जी वाहिनी होती, तिच्यावर मालिका दोन आठवडे उशिरा लागायची. ओक्दानबाई पुढे आणि आम्ही मागे. एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तो मेल्यावर सगळं सुरळीत होईल बघ."

"कोण मेल्यावर?"

ओक्दानबाई एकदम कोबीच्या भावावर आल्या.

"ताई, कोण मेलं?"

"कोणी नाही गं. इथला एक म्हातारा. शेजारच्या इमारतीतला."

माल्सुनबाईंनी फोन ठेवला तो पुढच्या रविवारपर्यंत उचलला नाही. त्यानंतर करारच झाला. माल्सुनबाईंनी जिथवर बघितलं असेल तिथवरच बोलायचं. पुढचा एक शब्द काढायचा नाही.

मग वाहिनीचे खेळ सुरू झाले. सून दिवे लावून किनाऱ्यावर बसायची तेव्हा मागे एक गाणं लागायचं. ते गाणं आमच्याकडे मुकं करून दाखवायचे, का तर त्याचे हक्क देशापुरतेच होते. सून ओठ न हलवता रडायची आणि घरात शांतता. पडद्याच्या खालच्या भागावर इंग्रजी अक्षरांची पट्टी, म्हणजे सुनेच्या हातातलं पत्र वाचायचं झालं तर ते नेमकं पट्टीखाली. वेळ सांगायचे सोलची, आणि इथलं घड्याळ उन्हाळ्यात दोन तास पुढे, हिवाळ्यात एक. फुटबॉलचे सामने असले की निळा पडदा: 'हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात दाखवता येत नाही.' एकदा तर एकच भाग लागोपाठ दोन आठवडे लागला. असं होता होता दोनाचं अंतर पाच आठवड्यांवर गेलं.

आणि दर वेळी मार कोणाला? मला. निळा पडदा आला की माल्सुनबाई झाडू घेऊन गॅलरीत येत आणि माझ्या पाठीत दोन हाणत. "काय बिघडलंय हिचं? वारा नाही, बर्फ नाही." गेना पाना घेऊन येई, मला अर्धं बोट इकडे, अर्धं बोट तिकडे सरकवी. मित्रांनो, मी जे पाठवलं जातं तेच झेलते. जे पाठवलंच नाही ते कुठून झेलणार? पण हे मला सांगता आलं नाही.

बाजारातल्या सतरा जणींनी मिळून वाहिनीला पत्रही लिहिलं. त्या सगळ्याच ही मालिका बघायच्या, आणि सगळ्यांचं कोणी ना कोणी पलीकडे होतं. माल्सुनबाईंनी ते पत्र घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. 'आम्ही इथे जन्मलो, पण आमची भाषा तीच आहे. आम्हाला खालची पट्टी लागत नाही. गाणं ऐकू द्या.' दीड महिन्यानं उत्तर आलं, छापील, इंग्रजीत. गेनानं शब्दकोश घेऊन अर्थ लावला. "आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत, एवढंच आहे, आई."

"उलटून बघ. मागे काही असेल."

मागे काही नव्हतं.

त्या वर्षी डिसेंबरातच समुद्राच्या कडा गोठल्या. एका रविवारी फोन आला तो नेहमीपेक्षा लवकर. ओक्दानबाईंनी "बघितलास?" असं विचारलं नाही.

"माल्सुन, ऐक. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला होता. त्यात..."

"ताई, थांब. थांब म्हणते ना. मी अजून एकतिसाव्यावर आहे. सासऱ्याचा खोकला आत्ता कुठे सुरू झालाय. त्याच्या छातीत काय निघालं ते मला सांगू नकोस."

मग ओक्दानबाई हसल्या. त्या हसण्याच्या शेवटी खोकला होता, तो मी ऐकला. माल्सुनबाईंना ऐकू आला नसावा.

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "नाही सांगत. तू आपली सावकाश बघ."

पुढचे फोन लहान होत गेले. माल्सुनबाई नणंदेबद्दल बोलायच्या, ओक्दानबाई "हं, हं" म्हणायच्या. गेनानं एकदा विचारलं, "मावशीचा आवाज बसलाय का गं?" तर त्या म्हणाल्या, "काही बोलायला गेली की पुढचं तोंडातून निघतं, म्हणून जपून बोलते बिचारी."

अडतिसाव्या भागात सून मिठागर विकायला निघते. सही करायला हात उचलते, आणि भाग संपतो. पुढच्या शनिवारी माल्सुनबाई हात पुसून वेळेवर टीव्हीसमोर बसल्या, तर पडद्यावर एक तरुण मुलगी गावोगावच्या शेवयांची दुकानं दाखवत होती. माल्सुनबाईंनी तासभर शेवया बघितल्या. त्यांना वाटलं, हे संपल्यावर लागेल. शेवटी पट्टी आली: नव्या वेळापत्रकानुसार 'मिठागराची सून' ही मालिका थांबवण्यात आली आहे. बारा भाग राहिले होते.

त्या दिवशी त्यांनी मला मारलं नाही. गेनाला म्हणाल्या, "उद्या ताईला सांगते, आता सगळं सांगून टाक. आता लपवायला काही उरलं नाही."

रविवारी अकरा वाजले. फोन आला नाही. साडेअकराला त्यांनी स्वतः लावला. वाजत राहिला. त्या दिवशी सात वेळा लावला. सोमवारी कोणीतरी उचलला. ती ओक्दानबाईंची शेजारीण होती, तीही इथूनच गेलेली. झाडांना पाणी घालायला आली होती. "दवाखान्यात आहेत त्या," ती म्हणाली. "आठवडा झाला. तुम्हाला माहीत नाही?"

गेनानं धावपळ करून विमानाचं तिकीट मिळवलं. पण बर्फाचं वादळ आलं आणि दोन दिवस एकही विमान उडालं नाही. तिसऱ्या दिवशी माल्सुनबाई निघाल्या.

बारा दिवसांनी परत आल्या. अंगातला कोट न काढता दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. गेना त्यांचे बूट काढायला खाली वाकला, तर म्हणाल्या, "राहू दे."

मग म्हणाल्या, "एका दिवसानं चुकली रे. मी पोचायच्या आदल्या दिवशी गेली."

गेना खाली जमिनीवरच बसला.

"तिच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. दर रविवारी एक आकडा लिहिलेला. एकोणतीस, तीस, एकतीस. मला वाटलं गोळ्यांचा हिशोब असेल. माझे भाग होते ते, गेना. मी कुठवर आलेय ते. चुकून पुढचं बोलू नये म्हणून. तिला डिसेंबरातच कळलं होतं. सगळे सांगत होते बहिणीला कळव. तर शेजारणीला म्हणायची, तिची मालिका संपू दे, मग सांगते. मध्येच घाबरवलं तर तिचं बघण्यात लक्ष लागायचं नाही."

"आई, तुला कसं कळणार होतं?"

"तिनं सांगायला घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "मीच थांब म्हटलं."

त्या हिवाळ्यात टीव्ही लागला नाही. माझ्यात बर्फ साठला, गोठला, पुन्हा साठला. झाडू घेऊन कोणी आलं नाही. मला ते झाडूचे फटके आठवायचे. निदान कोणीतरी माझ्याकडून काही आशा धरून होतं. दोष माझा नव्हता हे मला ठाऊक आहे. दोष नेमका कोणाचा, ते मात्र मला आजवर ठरवता आलेलं नाही. सोलमध्ये कोणीतरी एका कागदावरची एक ओळ खोडली असेल, आणि घरी जाऊन जेवला असेल. त्याला कोर्साकोव कुठे आहे हेही माहीत नसेल.

दुसऱ्या वर्षीच्या वसंतात, कोणाच्या मनात काय आलं कोण जाणे, वाहिनीनं राहिलेले बारा भाग लावले. भर दुपारी. बाजारातल्या बायका दुकानं आलटून पालटून सांभाळत घरी पळू लागल्या. माल्सुनबाईंनी पहिल्या दिवशी टीव्ही लावला तेव्हा गॅलरीत येऊन माझ्यावरची धूळ फडक्यानं पुसली. रोज बघू लागल्या, पण एकदाही हसल्या नाहीत की नणंदेला शिवी दिली नाही.

शेवटच्या भागाच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. वारा पडला होता. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकं स्वच्छ चित्र कधी आणलं नव्हतं. गाणंसुद्धा मुकं केलं नव्हतं. गेना कामावरून लवकर आला आणि आईशेजारी बसला. त्यानं ही मालिका कधी धड बघितली नव्हती.

"हा कोण?"

"धाकटा दीर."

"आणि ही का रडतेय?"

"बोट येताना दिसतेय ना लांबून. म्हणून."

गेना हातातली टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला तुला एक सांगायचं होतं. कामाचंच आहे. घाई नाही, भाग संपल्यावर सांगतो."

पडद्यावर बोट धक्क्याला लागत होती. फळी टाकत होते. फळीवर कोणाचा तरी पाय पडला, एवढंच दिसलं. माल्सुनबाईंनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"अगं, शेवट आहे," गेना म्हणाला.

"बोल."

"पाच मिनिटं राहिली असतील."

"गेना, बोल. काय झालंय?"

उत्तरेला, वायूच्या कारखान्यावर त्याला बोलावलं होतं. तीन वर्षांसाठी. त्या म्हणाल्या, "कधी जायचंय? थंडीचे कपडे आहेत का तुझ्याकडे?" मग त्यांनी उठून गॅलरीचं दार लावून घेतलं, कारण आत गार वाटू लागलं होतं. पुढचं मला ऐकू आलं नाही. काचेतून दोघं बोलताना दिसत होती. अंधारून येईपर्यंत बोलत होती.

तो शेवट माझ्यापर्यंत पूर्ण आला होता. फळीवरून कोण उतरलं हे मला ठाऊक आहे. या घरात ते मला कोणी विचारलं नाही, आणि माल्सुनबाईंनी बाजारातही कोणाला विचारलं नाही. त्यानंतर आठवड्यानं गेना गेला. जाण्याआधी त्यानं माझे बोल्ट सोडवले, कारण आईनं तसं सांगितलं होतं. आता रविवारी अकरा वाजता फोन त्याचा येतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी दूरदेशी चित्रं पाठवायच्या कामावर लागलं, तर एवढं लक्षात ठेवा की पलीकडे कोणीतरी हात पुसून वेळेवर बसलेलं असतं. आणि तोपर्यंत, घरात कोणी "ऐक ना" म्हणून बोलायला लागलं, तर समोरची गोष्ट कितीही रंगात आलेली असू दे, आधी त्याचं ऐकून घ्या.