गोवर्धनची झांज

त्या साली अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव होता. पण हरिकथा रंगात आली की कापसाचे व्यापारी खुशालराव तो भावही विसरत. त्या एकादशीला मात्र त्यांचं चित्त कथेत लागेना. कीर्तनकार बुवांच्या मागं झांज धरून उभा असलेला चौदा वर्षांचा गोवर्धन, त्यांचा एकुलता एक, दोनदा तालाला चुकला होता.

वाटेत त्यांनी विचारलंच, "काहून रे, देवाच्या दारात उभं राहायले जड जाते तुले?"

"जडच जाते, बाबा." पोरानं मान खाली घातली. "डाव्या जांघेखाली ओढ लागते. सूज हाय. निजलो का उतरते."

सकाळी शेजारचे रामराव आले. डाग देण्यात त्यांचा हात नावाजलेला. "गठ्ठे उचलून आतडं उतरलं. अंतर्गळ हाय. एक डाग, काम फत्ते." त्यांनी सळई निखाऱ्यात खुपसलीसुद्धा.

खुशालरावांच्या धाकट्या भावाला असाच डाग दिला होता. जखम चिघळली, अन् तो उठलाच नाही.

"वैद्यबुवाले येऊ द्या."

"बसा मंग वाट पाहत. सळई कोणासाठी थांबते काय?"

भगवंत वैद्य आले. त्यांनी गोवर्धनला आतल्या खोलीत निजवलं. सूज उतरली. मग जांघेवर बोट घट्ट दाबून धरलं अन् त्याला उभं केलं. सूज हळूहळू पुन्हा भरली.

"आतडं असतं तर माह्या बोटापाशी अडलं असतं," वैद्य म्हणाले. "ह्या अंडाच्या शिरा फुगल्या हायेत, खालून भरून राहिल्या. डाग नको, कापणं नको. लंगोट बांधा, वजन उचलू देऊ नका, लय वेळ उभं ठेवू नका."

"अन् पुढं... लेकरंबाळं?"

"पुष्कळांना होतात. याचं आज सांगता येत नाई. दोन्ही अंडं सारखी वाढतात का, ते सहा महिन्यांनी पाहू."

सहा महिने! खुशालरावांनी निखाऱ्यांवर तांब्या ओतला. रामराव ओली सळई घेऊन पुटपुटत गेले.

पुढल्या एकादशीला बुवांच्या मागं झांज घेऊन खुशालराव उभे होते. गोवर्धन पुढं सतरंजीवर बसला होता. बुवा मागं वळून म्हणाले, "खुशालराव, अभंग अजून तिवसा गावात हाय, तुमची झांज अकोल्याले पोचली."

सभा हसली. खुशालराव हसले नाहीत. पोराच्या तोंडावर दुखल्याची खूण दिसते काय, तेच ते पाहत होते. गोवर्धननं मांडीवर बोटानं ताल धरला, बापाला दिसेल असा. त्या बोटाकडं बघत खुशालराव झांज वाजवू लागले.