वरच्या मुठीचा कटर

पेठ वडगावातलं शेती अवजारांचं दुकान अपूर्वा चौगुले एकटी चालवायची. वडील, बापूसो, गुडघ्यांनी बेजार होऊन घरी बसल्यापासून पंप, फवारणीची यंत्रं, झाडं तोडायचे कटर, सगळं तिच्याच अंगावर होतं. यंत्र हातात घेऊन दाखवण्यात ती तरबेज होती. गिऱ्हाइकाला तेच आवडायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी शाहूवाडीकडचा केरबा बायकोला, झुंबरबाईला, घेऊन दुकानात आला. झाडावर चढून फांद्या उतरवणं हा त्याचा धंदा. घरावर वाकलेली जाड फांदी एक कौल न फोडता खाली आणावी तर केरबानंच, असं त्या भागात म्हणत. दोन वर्षांपूर्वी अपूर्वानंच त्याला छोटा कटर विकला होता. दातेरी चेन फिरणारा, वर मूठ असलेला, झाडावर चढणाऱ्यांसाठीच बनवलेला.

"या मामा. लई दिवसांनी?"

केरबानं डावा हात काउंटरवर ठेवला. अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत जाड व्रण होता. बोटं अर्धी वाकून तशीच राहिली होती.

"दिवाळीत लागलं," तो म्हणाला. "आता बरं हाय. जुना कटर तवाच खाली पडून फुटला. नवा बघाय आलोय. हलका दावा."

"कशानं लागलं?"

उत्तर झुंबरबाईनं दिलं. "कशानं म्हंजे? डाव्या हातानं फांदी धरली आणि उजव्या हातानं कटर चालवला. उसळला आणि आला की हातावर! सहा म्हैनं झालं बोलतीया, तुमच्या बेफिकिरीनं झालं म्हणून. तर तोंडातनं शबूद काढत न्हाईत."

दोन वर्षांपूर्वीची दुपार अपूर्वाला लख्ख आठवली. याच काउंटरमागं उभी राहून तिनं तो कटर एका हातानं डोक्यावर उचलला होता. "बघा मामा, माझ्यासारखीच्या एका हातात मावतोय. वर चढल्यावर दुसरा हात मोकळा." सोबतच्या पुस्तिकेत दोन्ही हातांनीच वापरा असं लिहिलेलं होतं. ते तिनं वाचलंही होतं. पण एका हातानं उचलून दाखवलं की कटर खपायचा.

आतून दोन कटर आणून तिनं समोर ठेवले.

"हा पेट्रोलचा. ताकदीला चांगला. तुमच्याकडं लाइट जाते, तर याला चार्जिंगची कटकट नाही. पण दोरी ओढून चालू करायला लागतो. हा बॅटरीचा. वजनाला कमी, आवाज कमी. बटणावरचं बोट काढलं की चेन जागेवर थांबते. मोठ्या लाकडाला मात्र दमतो."

केरबानं आधी पेट्रोलचा घेतला. डाव्या हातानं दाबून धरायला गेला तर कटर निसटला. मग गुडघ्याखाली दाबून दोरी ओढली. पुन्हा निसटला. झुंबरबाईनं तोंड रस्त्याकडं फिरवलं.

मग त्यानं बॅटरीचा उचलला. उजव्या हातात तो सहज बसला. बटण दाबलं, चेन फिरली, सोडलं, थांबली. केरबाचा चेहरा उजळला.

"ह्योच द्या."

"मामा, डाव्या हातानं पुढची दुसरी मूठ धरून दाखवा."

त्यानं हात नेला. बोटं मुठीवर टेकली, पण मिटली नाहीत.

"न्हाय धरत," तो सहज म्हणाला. "पर लागतंय कशाला? तुमीच म्हणालतासा की, एका हातात मावतोय."

त्याच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. पण झुंबरबाई गर्रकन वळली.

"कोण म्हणालतं?"

आपल्याला आठवत नाही, असं अपूर्वाला म्हणता आलं असतं. केरबानं वादही घातला नसता.

"मी म्हणाले होते, मामी. चुकीचं सांगितलं मी."

झुंबरबाई नवऱ्याकडं बघत राहिली. "आणि तुमी एका शबदानं बोलला न्हाईसा?"

"बोलून काय हुणार हुतं? हात माजा हुता."

"सहा म्हैनं मी ह्या माणसाला घालूनपाडून बोलले," ती अपूर्वाला म्हणाली. "दवाखान्यात बोलले, जेवत्या ताटावर बोलले." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर अपूर्वाला बरं वाटलं असतं.

"मामा, हा कटर मी तुम्हाला देणार नाही. लांब दांड्याचा दाखवते. खाली उभं राहून, पट्टा खांद्यात घालून..."

"खाली उभा ऱ्हाऊन?" केरबा भडकला. "झाडावर चढल्याबिगर मला येतंय काय दुसरं? आधी दोन हात हुतं तवा दिलासा, आता न्हाय म्हणतासा?" आणि तो तरातरा पायऱ्या उतरून गेला. झुंबरबाई मागोमाग गेली.

आठ दिवसांनी सकाळी फोन वाजला. झुंबरबाई होती.

"ताई, त्यांनी दुसरीकडनं घेतला. बॅटरीचाच. डावं मनगाट पट्ट्यानं मुठीला बांधून घेतलंय. आत्ता चिंचेवर हाईत. माजं ऐकत न्हाईत." ती थांबली. "तुमचं ऐकलंतं एकदा."

अपूर्वाला तिथं पोचायला दीड तास लागला असता.

"मामी, स्पीकर चालू करा. कटर थांबला की फोन वर धरा."

चेनची घरघर ऐकू आली. फांदी कडाडून खाली आली. मग शांतता.

"मामा!" अपूर्वा दुकानात उभी राहून ओरडली. समोरच्या हॉटेलातली माणसं बघायला लागली. "मी वडगावची अपूर्वा. मामा, मी तो कटर नुसता उचलून दाखवला होता. एका हातानं लाकडात कधी घातलाच नव्हता. एकदाबी नाही! दोन हातांनीच धरायचा असतो, हे मला माहीत होतं. तरी विकायचा होता म्हणून बोलले. हात बांधलाय तुम्ही, उसळला तर सोडता यायचा नाही. उतरा, मामा."

फोनमधून नुसती कावळ्यांची ओरड आली.

"उतरा ओ," झुंबरबाई म्हणाली. ती रडत होती.

पाच-सात मिनिटांनी केरबाचा आवाज अगदी जवळून आला. तो धापा टाकत होता. "आजच्याला उतरलोय. उद्याचं म्हाईत न्हाय." फोन बंद झाला.

त्यानंतरही तो दोनदा चढला, असं झुंबरबाईकडून कळलं. तिसऱ्या वेळी तिनं भावाला, गुंडूला, बोलावून घेतलं. आता गुंडू चढतो आणि केरबा खालून दोर सांभाळतो. गुंडूला त्याच्याएवढं जमत नाही. दोन गावांनी कामं देणं बंद केलं.

श्रावणात अपूर्वा एकदा त्यांच्या घरी जाऊन आली. झुंबरबाईनं चहा दिला. केरबा ओट्यावर बसून दोराचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून उजव्या हातानं तो गुंडाळत होता. "बसा," एवढंच म्हणाला. चहा संपेपर्यंत ती बसली. तो दोर गुंडाळत राहिला.