कुणीही शहाणपणा करू नये म्हणून

त्यांना खरं नाव होतं, पण ते फक्त रुग्णालयाच्या पगाराच्या यादीत. बाकी सगळ्यांसाठी ते नेटवाले. आणि काही बंद पडलं की 'अहो, नेटवाले!'

त्या दिवशी नेटवाल्यांना चार वाजता तरणतलावावर हजर राहायचं होतं. लेकीची शर्यत होती. आधीच्या दोन त्यांनी चुकवल्या होत्या. "आज नाही आलात," डबा हातात देताना बायको म्हणाली होती, "तर शेजारच्या काकांना पाठवीन. ते निदान टाळ्या तरी वाजवतील."

काम तसं चिमूटभर. प्रयोगशाळेचा सर्व्हर तळघरात, आणि वॉर्ड गेल्या आठवड्यात हललेले नव्या इमारतीत. सर्व्हरला एवढंच सांगायचं, की बाबा, नव्या इमारतीकडे जाताना नेहमीच्या दारानं जाऊ नकोस, या दुसऱ्या दारानं जा. एका ओळीची आज्ञा. अकरा वाजता नेटवाल्यांनी ती टाइप केली आणि नव्या इमारतीतल्या प्रिंटरमधून रक्ताचे रिपोर्ट सुळसुळ बाहेर पडू लागले.

"झालं, मॅडम. इथं सही करा."

प्रयोगशाळेच्या मॅडम सहीच्या बाबतीत भारी चिकट. "आधी बंद करून चालू करा. माझ्यासमोर."

"अहो, चालतंय ना!"

"चालू असताना सगळ्यांचंच चालतं. वीज जाऊन आली की कळतं, कुणाचं काय चालतं ते."

सर्व्हरला उठायला बारा मिनिटं लागत. बारा मिनिटांनी तो उठला तेव्हा नवी इमारत त्याच्या गावीही नव्हती. तोंडी सांगितलेलं तो झोपेत विसरतो, हे नेटवाल्यांना माहीत होतं. घाईत लेखी द्यायचं राहिलं होतं. ठीक. त्यांनी तीच ओळ मार्गांच्या फाइलमध्ये लिहिली आणि पुन्हा बारा मिनिटं मॅडमशेजारी उभं राहून पंख्यांची घरघर ऐकली. सर्व्हर उठला. मार्ग गायब. फाइल उघडली तर ओळही गायब, जणू कधी लिहिलीच नव्हती.

तिसऱ्यांदा लिहिली. तिसऱ्यांदा गायब. डबा तसाच राहिला. मधेच वॉर्डातून फोन: "अहो नेटवाले, रिपोर्ट पाठवताय, की पेशंटला अंदाजानं सांगू?"

तीन वाजेपर्यंत त्यांची खात्री पटली, की हे कुणाचं तरी पाप आहे. आणि कुणाचं, तेही ठाऊक होतं. पूर्वी त्यांच्यासोबत हेच काम बघणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या तात्यांना त्यांनी फोन लावला.

"तात्या, काय घाण करून ठेवलीय तुम्ही इथं?"

"तब्येत बरी आहे माझी," तात्या म्हणाले. "विचारलंस, बरं वाटलं."

"सर्व्हर चालू झाला की माझी फाइल पुसली जाते. कुठल्या गाढवानं हे केलंय?"

"मी जन्मात काही आपोआप होईल असं ठेवलं नाही रे. सगळं हातानं करायचो, म्हणून तूच हसायचास मला. मशीन सुरू होताना काय काय चालतं, ते बघ. आणि गाढव सापडलं की मलाही कळव."

बघितलं. चार ओळींचं एक कारस्थान कोपऱ्यात बसलं होतं: सर्व्हर उठला की मार्गांची फाइल फेकायची आणि जुनी, जपून ठेवलेली प्रत तिच्या जागी आणून ठेवायची. वर टीप होती, 'मार्गांच्या फाइलमध्ये कुणीही शहाणपणा करू नये म्हणून.' खाली सहा वर्षांपूर्वीची तारीख. त्याखाली नाव. पगाराच्या यादीतलं.

मग आठवलं. तात्यांनी एकदा चुकीचा मार्ग लिहून दिवसभर प्रयोगशाळा बंद पाडली होती. त्या रागात नेटवाल्यांनी हा बंदोबस्त केला होता आणि कुणालाही न सांगता घरी जाऊन शांत झोपले होते. 'कुणीही'मध्ये आपणही मोडतो, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

त्यांनी बंदोबस्त पुसला आणि ओळ चौथ्यांदा लिहिली. तीन चाळीस झाले होते. बायकोचा फोन आला. "निघालात?"

"निघतोच."

या 'निघतोच'ला ती लग्नापासून ओळखत होती. तिनं फोन ठेवला.

"तुम्ही जा," घड्याळाकडे बघत मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळी बंद करून बघू."

सकाळी हेच वाक्य ऐकून नेटवाले नाचले असते. आता मात्र ती टीप लिहिणाऱ्या माणसावर त्यांचा काडीचा भरवसा उरला नव्हता. "नको," ते म्हणाले आणि स्वतःच्या हातानं सर्व्हर बंद केला.

बारा मिनिटांनी तो उठला. मार्ग जागेवर होता. तिकडे प्रिंटर सुळसुळला. मॅडमनी सही केली.

तलावावर पोचेपर्यंत चार वीस झाले. लेक पायरीवर बसली होती, ओले केस, खांद्यावर टॉवेल.

"कितवी आलीस?"

"दुसरी. काकांनी खूप टाळ्या वाजवल्या." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "आज पण कुठल्यातरी गाढवानं काहीतरी करून ठेवलं होतं?"

"हो."

"मागच्या वेळचंच?"

"तेच असणार," नेटवाले म्हणाले.

"मग त्याला हाकलून का देत नाहीत?"

"दुरुस्त करायलाही तोच लागतो ना."

तिनं ओली पिशवी त्यांच्या हातात दिली आणि पुढं चालू लागली.