खाली यायच्या आत

लिसांद्रा धावत आली, खड्ड्याच्या अलीकडून उडाली आणि गल्लीच्या पार पलीकडच्या कडेला उतरली. तिची टाच दगडाला टेकली तेव्हा कुठे ओनेलियानं कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

“आला फोटो?” लेकीनं धापा टाकत विचारलं.

“नाही गं. सायकलरिक्षा मध्ये आली.”

रिक्षा तर केव्हाच कोपऱ्यापलीकडे गेली होती. पण लिसांद्रा पुन्हा गल्लीच्या टोकाकडे चालू लागली. रात्रभर वीज नव्हती. मायलेकींनी गच्चीवर कूस बदलत रात्र काढली होती. कोवळ्या उन्हातही पोरीच्या डोळ्यांखालचं काळं लपत नव्हतं. ओनेलियाला तर गळ्यातला कॅमेराही जड झाला होता.

हवानात बॅलेच्या पोरींचे रस्त्यावर फोटो काढावेत ते ओनेलियानंच, असं सगळे म्हणत. निम्मं आयुष्य ती स्वतः नाचली होती. कंबर गेली तेव्हा कॅमेरा हाती घेतला. नाचणारीनं श्वास भरला की हिचं बोट हलायचं. उडी दिसेपर्यंत ती वाटच पाहत नसे. दिसली म्हणजे गेलीच, असं म्हणायची. लोकांच्या लेकींना तिनं हवेत असं नेमकं पकडलं की त्या फोटोंच्या जोरावर कितीजणी देशोदेशीच्या रंगमंचांवर पोचल्या. आणि आज स्वतःच्या लेकीची एक उडी तिला पकडता येत नव्हती.

येत नव्हती कसली, पकडायचीच नव्हती. पोलंडमधल्या एका बॅले कंपनीला लिसांद्राचा नाच आवडला होता. आता त्यांना फोटो हवे होते, तेही आज संध्याकाळपर्यंत. बॅलेच्या शाळेतली लाकडी जमीन वाळवीनं खाल्ली म्हणून उखडून ठेवलेली, तेव्हा उरली ती गल्लीच. एक फोटो बरा आला की पोरगी जाणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. थोरला लेक असाच परदेशी गेला, तो आता फोनमध्येच भेटायचा आणि तोही रेंज असली तर. ओनेलियाला एकटीनं राहायची भीती वाटत होती. “जा बाई, सुखी राहा” असं तोंडानं म्हणून झालं होतं. बोट मात्र ऐकत नव्हतं, आणि तीही त्याला फारसा आग्रह करत नव्हती.

पुढच्या उडीला ऊन डोळ्यांवर आलं. त्याच्या पुढच्या उडीला कुणाची तरी वाळत घातलेली चादर हलली. या शहरात नाचणारीचं पाऊल वाकडं पडलं तर टॅक्सीवालाही गाडी थांबवून सांगतो, एवढंच ओनेलिया विसरली होती. समोरच्या खिडकीतून कॉफी विकणारी निएवेस मघापासून सगळं बघत होती.

“नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं,” निएवेस कप विसळत म्हणाली. “इथं पोरगी झकास नाचतेय, अंगणही सरळ आहे. तूच ती खाली आल्यावर दाबतेस, बाई.”

कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यांनी डॉमिनोच्या सोंगट्यांत डोकी घातली. म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं.

लिसांद्रानं आईकडे पाहिलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती वळली आणि सरळ घरात गेली. चला, संपलं, असं ओनेलियाला वाटलं. हवं होतं तेच झालं होतं, तरी जिवाला हलकं वाटेना.

पोरगी बाहेर आली ती अंगठ्यावर उभं राहायचे सॅटिनचे बूट घालून. तिची शेवटची धड जोडी, रंगमंचासाठी जपून ठेवलेली. या दगडांवर उभं राहिलं की बुटांची टोकं कामातून जातात, हे दोघींनाही ठाऊक होतं.

“अगं, हे कशाला?”

“उडी मारली की तू चुकतेस,” लिसांद्रा म्हणाली. “मी वर उभी राहते. तुझं झालं की सांग.”

तिनं पायानं एक सपाट दगड चाचपला आणि ती एका अंगठ्यावर चढली. दुसरा पाय मागे लांब गेला, हात पुढे आले. उड्या तिच्या रक्तात होत्या, पण तोल काही तिला फार वेळ धरवत नसे. त्यावरून ओनेलियाची बोलणी तिनं लहानपणापासून खाल्ली होती. आता मात्र ती उभी होती. घोटा थरथरायला लागला, कपाळावरचा घाम ओघळून भुवईत उतरला, तरी ती खाली येईना. डॉमिनोवाल्यांचा डाव थांबला होता.

आता उशीर व्हायला जागाच नव्हती. “झालं” एवढं खोटं बोललं असतं तरी भागलं असतं. ओनेलियाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चौकटीतली लेक पुसट झाली. तिनं बाहीनं डोळे कोरडे केले, रस्त्यावर गुडघे टेकले आणि कॅमेरा पार खाली आणला, कारण तिथून पाय लांब दिसतो.

“हनुवटी वर घे,” ती म्हणाली. “अशी मान पाडून जाणार आहेस का पोलंडला?”