उभा राहिलेला हॉल

लीला गेली तेव्हा तिचा धाकटा भाऊ रविकांत मुंबईहून फोनवर म्हणाला होता, "दाजी, परक्या मुलखात नेऊन ठेवलीत तिला. शेवटी चार माणसं तरी जमली का?"

 पुढच्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. त्या सभेचा फोटो मुलाच्या, केदारच्या, मोबाइलवरून रविकांतला पाठवला. जपानमधल्या इचिकावातला, आमच्या भागातला सार्वजनिक हॉल भिंतीपर्यंत भरलेला, आणि सगळे उभे. त्यानंतर रविकांतने तो विषय काढला नाही.

वर्षाने, दोन हजार सतराच्या जानेवारीत, त्याचा पुन्हा फोन आला.

"दाजी, तुमच्या मंडळाच्या त्या जयप्रकाशने फेसबुकवर तुम्ही मला पाठवलेलाच फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, माझ्या पदग्रहणाची गर्दी. मग मला तुम्ही काय पाठवलं होतंत?"

"लीलाच्या सभेचा."

"मग तो असं का लिहितोय? बायकोला, मुलांना दाखवलाय मी तो फोटो. कुणीतरी खोटं बोलतंय, दाजी."

"विचारून सांगतो," एवढंच मी म्हणालो.

त्याचं असं झालं होतं. त्या आठवड्यात टीव्हीवर अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीची गर्दी आणि आठ वर्षांपूर्वीची गर्दी शेजारी शेजारी दाखवत होते. मंडळाच्या 'लाइन' अ‍ॅपवरच्या ग्रुपवर पुण्या-मुंबईची सगळी कॉम्प्युटरवाली मुलं त्यावरून भांडत होती. एक म्हणे फोटोच्या वेळा वेगळ्या, दुसरा म्हणे मैदानावर पांढरं अंथरलं होतं म्हणून रिकामं दिसतं. अमेरिकेत मतदानाचा हक्क त्यांच्यापैकी कुणालाच नव्हता. मग कुणीतरी गंमत म्हणून आमच्याच दोन अध्यक्षांचे फोटो तसेच शेजारी शेजारी लावले. आमच्याकडे दर संक्रांतीला अध्यक्ष बदलतो. गेल्या वर्षीचा जयप्रकाश, त्याच्या फोटोत हॉल भरलेला. यंदाचा अंबरीष, त्याच्या फोटोत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. लोक हसले. पण हसण्यावर थांबतील तर ती आपली माणसं कसली. जयप्रकाशने आपला फोटो फेसबुकवरही टाकला.

रविवारी दोघेही आमच्या घरी आले. केदार मंडळाचा सेक्रेटरी, तेव्हा निवाडा त्याने करायचा.

"हॉल उभा होता, अंबरीष," जयप्रकाश म्हणाला. "स्टँडिंग ओव्हेशन! तुझ्या वेळी लोक बसायलाही आले नाहीत."

"त्या दिवशी गाड्या लेट होत्या. आणि माझा फोटो जेवणाआधीचा आहे. जेवणाच्या वेळचा बघ."

"जेवायला आलेले मोजायचे?"

"मग त्या दिवशी मी केलेल्या पावभाजीचंच पदग्रहण करा," सून राधिका ओट्यापाशी उभी होती, तिथून म्हणाली. दोघेही हसले नाहीत.

"माझ्या वेळी जपानी पाहुणेसुद्धा होते," जयप्रकाशने मोबाइल पुढे केला. "बघ, काळ्या सुटात. एकदम फॉर्मल."

मी तो मोबाइल हातात घेतला. फोटो तोच होता, पण डावी बाजू कापलेली. तिथे टेबल होतं, टेबलावर लीलाची हार घातलेली तसबीर होती.

"जयप्रकाश," मी म्हणालो, "इथली माणसं काळे कपडे मयताला घालतात. या शेजारच्या सातो-सान. या आमच्या बिल्डिंगमधल्या बायका. लीलाला त्यांची भाषा येत नव्हती. कचऱ्याचे वार ठरलेले; ती पिशवी वर धरायची आणि सातो-सान हाताने सांगायच्या, आज नाही, उद्या. मग दोघी मिळून कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून टाकलेली जाळी नीट करायच्या. त्या तुझ्या पदग्रहणाला कशाला येतील?"

त्याने मोबाइल माझ्या हातातून परत घेतला.

"आणि लोक उभे आहेत ते दोन मिनिटांच्या शांततेसाठी. त्या दिवशी हॉल दुपारी बारापर्यंत पुसून किल्ली परत द्यायची होती म्हणून तुम्ही दोन्ही एकाच सकाळी उरकलंत. आधी तिची श्रद्धांजली, मग तुझी शाल आणि नारळ."

अंबरीष खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे ती गर्दी धरायचीच नाही! काका, हे तुम्ही ग्रुपवर सांगा. प्लीज. तुमच्या तोंडून आलं की विषय संपला."

"मला तुमच्या भांडणात पडायचं नाही. फोटोखालची ओळ बदला, बस्स. माझ्या मेव्हण्याने ती वाचलीय."

"बदलतो की काका," जयप्रकाश म्हणाला. "काकूंबद्दल आदर आहेच. पण कार्यक्रम एकच होता. सगळे नुसते काकूंसाठी आले, असं तरी कसं म्हणणार? फॅक्ट काय ते आधी ठरू दे."

"ठरवू की," म्हणत अंबरीषने ग्रुपवर मतदान टाकलंसुद्धा. त्या दिवशी तुम्ही कशासाठी आला होतात? पदग्रहण, लीलाकाकूंना श्रद्धांजली, की दोन्ही?

"अरे, हे काय टाकलंस?" राधिका म्हणाली.

"लोकशाही आहे, वहिनी."

मोबाइल टेबलावर थरथरू लागले. दोघे चिवडा खात आकडे बघत बसले. 'दोन्ही' भराभर पुढे गेलं.

"बघ! दोन्ही म्हणजे माझ्यासाठी आलेच ना."

"दोन्ही म्हणजे अर्धे. प्रत्येकाला अर्धा धर, मग माझ्यापेक्षा कमी भरतात."

सातो-सान त्या ग्रुपमध्ये नव्हत्या. त्यांना कुणी विचारलं नाही.

मी केदारचा मोबाइल ओढून घेतला. आकड्यावर बोट ठेवलं की नावं उघडतात. श्रद्धांजलीखाली थोडी नावं होती. राधिका, आणि तिच्या मैत्रिणी विभा, मेधा, आणखी दोघी-तिघी. ज्यांच्या बाळंतपणात लीला डिंकाचे लाडू घेऊन गाडीने जायची, त्या. मग मी 'दोन्ही' उघडलं. पहिल्याच ओळीत केदार.

"केदार."

त्याने मान वर केली नाही. "बाबा, मी सेक्रेटरी आहे. दोघांपैकी एकालाही दुखवून कसं चालेल? आणि त्याच दिवशी मी सेक्रेटरीचा चार्ज घेतला होता. टेक्निकली दोन्हीच."

राधिकाने हातातली कपबशी सिंकमध्ये आदळली.

निघताना जयप्रकाशने शब्द पाळला. ओळ बदलली: 'श्रद्धांजली व पदग्रहण, संयुक्त उपस्थिती.' लीलाची तसबीर मात्र कापलेलीच राहिली. अंबरीष माझ्या पाया पडून गेला. त्याचं काम झालं होतं.

संध्याकाळी मी स्वतःच रविकांतला फोन लावला.

"काय म्हणाला तो माणूस?"

"त्याचंच बरोबर," मी म्हणालो. "तो फोटो त्याच्या पदग्रहणाचाच आहे. तू घरातल्यांना तसं सांग."

 तो आवाज उतरवून म्हणाला, "मग लीलूताईच्या सभेला किती होते, दाजी?"

केदार समोरच बसला होता. माझं बोलणं त्याला ऐकू जात होतं. मी मनात मोजताना सातो-सानना धरलं, बिल्डिंगमधल्या बायकांना धरलं, राधिका आणि तिच्या मैत्रिणींना धरलं, आणि मला.

"थोडे होते," मी म्हणालो. "पण तिच्यासाठी आले होते."