लॉनवरचे पिवळे चट्टे

"रविवारी तुझ्या कोंबड्या माढ्याला, तुझ्या माहेरी जाणार," सासरे म्हणाले. "लॉनवर नुसते पिवळे चट्टे पडलेत."

ओवी तेव्हा तपकिरी कोंबडीला मांडीवर घेऊन भात भरवत होती. स्वतः जेवताना मला घरभर पळवणारी माझी तीन वर्षांची पोर! तिनं कोंबडीला घट्ट धरलं. मी ओढणी खोचली.

"अप्पा, त्या कुठंही जाणार नाहीत. चट्टे तुम्ही पाडलेत."

"मी?"

"रोज सकाळी कोंबड्यांची शीट गोळा करून शेणखतासारखी लॉनवर कोण पसरतं? ताजी शीट लई गरम असते. गवत जळतं."

"चाळीस वर्षं मास्तरकी केलीय मी. मला शिकवू नकोस."

"मग एवढं शिकायचं राहिलं की!"

दारात सासूबाईंनी हसू दाबलं. मी मात्र थांबले नाही. माहेरून आणलेलं बांबूचं मोठं डालगं लॉनवर पालथं घातलं आणि तिन्ही कोंबड्या त्याखाली झाकल्या.

"हे मी रोज पुढं सरकवीन आणि मागच्या जागेवर पाणी मारीन. खुराड्यातली शीट वाळक्या पाल्यात मिसळून खड्ड्यात टाकीन. नीट कुजल्याशिवाय ती गवतावर टाकायची नाही. तुम्हीसुद्धा."

अप्पांनी वाकून एका चट्ट्यातलं गवत उपटून बघितलं.

"इथं नको," ते म्हणाले. "इथं मी पेपर वाचतो. पलीकडं घे."

ओवी आधीच डालगं ढकलायला लागली होती.